पानं खाल्ली, भो!

आमच्या समोरच्या खोलीतले भास्करनाना कॉम्प्युटरवर लढाईचा गेम लावतात आणि लढत मात्र नाहीत. ते एका झाडाखाली जाऊन उभे राहतात. शत्रू येतो, गोळ्या घालतो, आणि नाना मरता मरता ओरडतात, "पानं खाल्ली, भो! कंपनीनं पानं खाल्ली!"

डोकमर्डीच्या या कारखान्यांच्या वस्तीत नवा राहायला आलो तेव्हा मला वाटलं, विड्याच्या पानांवरून भांडण आहे. मग नानांनी मला, या मराठी शाळेच्या मास्तराला, शेजारी बसवून धडा दिला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरची चित्रं काढणारा भाग. ते बनवणाऱ्या कंपन्यांत वेगाची चुरस. चित्र भरभर पळावं म्हणून गुपचूप झाडाची पानं कमी करायची, लांबचा डोंगर पुसट करायचा. कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात, आणि ही काटछाट त्यातूनच होते. "आज नवा ड्रायव्हर येतोय," असं नानांनी जिन्यात सांगितलं, तर आमच्या हिनं चहाला एक कप जास्त आधण ठेवलं!

कार्ड विकणारे जिग्नेशभाई वैतागतात. "नाना, गेम दोडे छे ने? पांदडांनू शुं काम छे?"

"पानांचं काम कसं नाही? चित्र खरं पाह्यजे, भो!" नाना यार्नच्या फॅक्टरीत धागा तपासतात. डोळ्यात तेल घालून बघायची सवय घरीही सुटत नाही, त्याला कोण काय करणार?

कुसुमवहिनी शिरपूरकडे गावी असतात. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलाची शाळा, मग त्याचं लग्न. येईन येईन म्हणता इकडे यायचं राहूनच गेलं. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मागच्या महिन्यात मी तिथंच बसलेलो असताना तो सुनेच्या नव्या फोनवरून आला. वहिनींचा चेहरा कसा गुळगुळीत, उजळ! मी म्हटलं, "वा, वहिनी छान दिसताहेत." नानांनी स्क्रीनला नाक लावलं.

"तुझ्या हनुवटीवरचा तीळ कुठी गेला वं?"

"या फोनात सगळेच गोरे दिसता," वहिनी हसल्या.

"बंद कर ते."

सुनेनं चेहरा उजळवणारी ती सोय बंद केली. तीळ परत आला, आणि त्याच्यासोबत बसलेले गाल अन् डोळ्यांखालची काळी वर्तुळंही आली.

"आजारी होती तू?"

"ताप होता थोडा. सांगलं असतं तर तुम्ही उगा पळत आले असते."

नाना दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेले आणि वहिनींना घेऊनच परतले.

काल जिग्नेशभाईंनी मलाच फोन केला. नवा ड्रायव्हर आलाय, नाना फोन का उचलत नाहीत? मी बघायला गेलो. कॉम्प्युटर बंद होता. दोघं जमिनीवर मेथी निवडत बसली होती.

"भाऊजी, पाहा यांचं," वहिनी म्हणाल्या, "पानं कचऱ्यात टाकता अन् काड्या पातेल्यात. लक्ष सगळं माझ्या तोंडाकडे!"

मी नानांकडे पाहिलं. ते चक्क लाजले.

"पाहू दे वं," ते म्हणाले, "इतकी वर्सं नुसती रविवारची पाह्यली तुला."