डोंगा पाण्यापासून दूर ठेवावा

नागपुरात समुद्र नाही, ही बाब शासनाच्या निदर्शनास आणून देण्यात आली होती. त्यावर वारसा विभागाने लेखी खुलासा केला की, समुद्र आधीच कोकणाच्या वाट्याला गेलेला असल्यामुळे विभागीय समतोल राखण्यासाठी निदान सागरी वारसा तरी विदर्भाला मिळणे न्याय्य आहे. त्यानुसार शहराच्या उत्तरेला 'सागरी वारसा व प्राचीन हस्तकला संग्रहालया'ची निळी इमारत उभी राहिली. दारात सिमेंटचे दोन डॉल्फिन बसवण्यात आले. मे महिन्याच्या उन्हात त्यांना तडे गेले, तेव्हा त्यांच्यावर नर्सरीची हिरवी जाळी टाकण्यात आली.

इमारत होती, डॉल्फिन होते, संचालक पुष्कर देवपुजारी होते. जहाज तेवढे नव्हते. कोकणातून एक जुने गलबत मागवले होते. पण वाटेत ते एका उड्डाणपुलाखाली अडकले आणि तिथल्या नगरपालिकेने चौकाचे सुशोभीकरण म्हणून त्याचे लोकार्पणही उरकून टाकले. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते. देवपुजारींनी नागपूरच्या सर्वांत जवळची, लाकडी आणि पाण्यावर तरंगणारी वस्तू शोधायला माणसे पाठवली. ती खाप्याजवळ कन्हान नदीत सापडली.

तो धोंडबा दिघोरेचा डोंगा होता. एकाच खोडातून कोरलेला, दहा माणसे बसतील एवढा. नदीपलीकडे भोईटोली नावाची चाळीस घरांची वस्ती होती. तिथल्या लोकांचा बाजार, शाळा आणि दवाखाना खाप्याला. आणि खाप्याला जायचे म्हणजे धोंडबाच्या डोंग्यातून. पूल होता, पण सहा किलोमीटर खाली, आणि नदी चढली की तो आधी बुडे.

"किती जुना आहे?" देवपुजारींनी विचारले.

"पंधराक वर्सं झाले. माह्या हातचा हाय."

"नाही, ही पद्धत किती जुनी?"

"बापाचा असाच होता. त्याच्या बापाचाबी असाच."

देवपुजारींनी वहीत 'सुमारे दोन हजार वर्षे' असे लिहून घेतले.

"पण साहेब, हा तुम्ही नेला तं लोकं पल्याड कशे जातीन?"

"नवा करा की! आमच्याकडेच येऊन करा, प्रेक्षकांसमोर. लाकूड आम्ही देतो. तयार झाला की खुशाल घेऊन जा."

धोंडबाला हे पटले. त्याची बायको वच्छला काठावर कपडे धूत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आंधी लाकूड पाहा, मंग डोंगा द्या."

"सरकारी मानूस हाय वं. खोटं काहून बोलन?" धोंडबा म्हणाला. यावर वच्छलाने एक लुगडे जरा जास्तच जोराने आपटले.

संग्रहालयाच्या नोंदवहीत डोंगा 'वस्तू क्रमांक एक' झाला. धोंडबाची वाकस, म्हणजे लाकूड तासायचे त्याचे हत्यार, 'वस्तू क्रमांक दोन' झाली आणि काचेच्या पेटीत गेली. धोंडबाला 'जिवंत वारसा (कंत्राटी)' या पदावर अकरा महिन्यांसाठी घेण्यात आले. त्याच्यासाठी वेगळा रकाना नसल्यामुळे त्याला 'तीन-अ' हा क्रमांक मिळाला.

लाकडाच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडून यायचा होता. वनखात्याने विचारले, कोणत्या समुद्रासाठी? हा प्रश्न वारसा विभागाकडे गेला आणि तिथेच राहिला. तोवर प्रात्यक्षिक थांबवता येत नव्हते, कारण तिकिटावर 'प्रात्यक्षिक : ११ ते ५' असे छापून झाले होते. मग धोंडबाला लाकडाशिवाय आणि वाकसीशिवाय काम करून दाखवण्याची सूचना देण्यात आली. तो रोज फरशीवर मांडी घालून बसे आणि रिकाम्या हाताने हवा तासत असे. शेजारी पाटी होती : 'कारागीर कामात मग्न आहे. कृपया शांतता राखा.' लोक शांतता राखत आणि फोटो काढत.

सुरुवातीला धोंडबाला लाज वाटे. दुसऱ्या महिन्यात लाज गेली आणि भीती वाटू लागली, कारण त्याच्या लक्षात आले की हात आता फार हलका पडतो आहे. वाकसीचे वजन मनगट विसरू लागले होते.

ऑगस्टमध्ये वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. कन्हान फुगली, पूल बुडाला. वच्छलाचा फोन आला.

"आयकून राहिले का? काजलचे दिवस भरत आले. डाक्टरीन बाई म्हने, धा-बारा दिवस." काजल ही त्यांची सून. "बाई आडवी झाली तं न्यावं कशात? डोंगा आना."

धोंडबा तडक संचालकांच्या खोलीत गेला.

"नदीत?" देवपुजारी खुर्चीतून अर्धे उठले. "अहो धोंडबा, तो ओला होईल!"

"डोंगाच हाय ना साहेब तो."

"होता. आता वारसा आहे." देवपुजारी मनाने वाईट नव्हते. त्यांनी पाणी मागवले, पंखा वाढवला आणि वस्तू तात्पुरती बाहेर नेण्याचा अर्ज स्वतः काढून दिला. अर्जात एवढीच अट होती, की वस्तू जिथे ठेवायची ती जागा कोरडी, धूळमुक्त आणि चोवीस अंश तापमानाची असावी. शिवाय गार हवा आतच राहावी म्हणून डोंगा आत घेतल्यावर दालनाचे दार लहान करण्यात आले होते, त्यामुळे तो बाहेर काढायचा तर भिंत पाडण्याची निविदा लागणार होती.

त्याच दुपारी पूरनियंत्रण कक्षातून फोन आला : आपल्याकडे होडी आहे का? संग्रहालयाने नियमाप्रमाणे खरे उत्तर दिले. 'एक. मूळ ठिकाण खाप्याचा घाट. स्थिती उत्तम. पाण्याशी संपर्क निषिद्ध.' कक्षाच्या तक्त्यात शेवटच्या वाक्याला जागा नव्हती. तिथे खाप्याच्या रकान्यात 'होडी उपलब्ध' अशी नोंद झाली आणि तिकडे निघालेली रबरी बोट दुसऱ्या तालुक्याकडे वळवण्यात आली.

"निदान वाकस तरी द्या," धोंडबा म्हणाला.

"क्रमांक दोनसाठी अर्ज वेगळा."

धोंडबाने गळ्यातले ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले. फाटकावर पहारेकऱ्याने हटकले, "तीन-अ भाऊ, वस्तू भाईर न्याले गेटपास लागते."

"वस्तू पायानं चालून राहिली," धोंडबा म्हणाला. "लिहून घे तुह्या वहीत."

खाप्याच्या काठावर देवराव नावाच्या संत्रेवाल्याच्या वाडीत वादळाने आंब्याचे झाड पडले होते. धोंडबाने त्याला नुसते खोड दाखवले. देवराव म्हणाला, "ने गा. चुलीतच जानार होतं." लोहाराने वाकस दिली. चार गडी मदतीला आले. धोंडबाचा पहिला घाव चुकला, दुसराही चुकला. तिसऱ्यापासून हाताला वजन आठवले. पावसात, ताडपत्रीखाली, सहा दिवस तो खोड कोरत होता. तळहाताची साले निघाली, तेव्हा त्याने दुपट्टा फाडून बांधला. पलीकडच्या काठावर वच्छला रोज येऊन उभी राही. मधल्या पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे, तरी दोघे थोडा वेळ एकमेकांकडे पाहत.

सातव्या दिवशी सकाळी वच्छलाचा फोन आला. "कळा सुरू झाल्या."

लाकूड ओले होते, डोंगा जड झाला होता आणि थोडा डावीकडे कलत होता. धोंडबाने तो तसाच लोटला. गढूळ पाण्याने डोंग्याला दोनदा खाली ओढून नेले, दोनदा त्याने तो सावरला आणि पलीकडच्या काठाला लावला.

"डावीकडे कलते ना हा," काजलला हाताने सावरत वच्छला म्हणाली.

"तं तिले उजवीकडे बसव. अन् तू बोलू नोको."

तिने एका हाताने सून धरली, दुसऱ्याने डोंग्याची कड. खाप्याच्या दवाखान्यात पोहोचल्यावर पाऊण तासाने काजलला मुलगी झाली. धोंडबाला बातमी सांगायला गेले, तेव्हा तो पायरीवर बसल्या बसल्या झोपला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात डोंग्याचा फोटो आला. आठवडाभर डोंगा चालला. दूध अलीकडे आले, औषध पलीकडे गेले, पोरी शाळेत गेल्या. नातीच्या जन्मानंतर नवव्या दिवशी घाटावर ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून देवपुजारी उतरले. त्यांच्या हातात शाल, नारळ आणि कागदांचा जाड गठ्ठा होता.

"माझा इलाज नाही, धोंडबा," ते खरोखरच संकोचून म्हणाले. "हा डोंगाही संग्रहालयात ठेवावा, ही जनतेची मागणी आहे. ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली. सतरा हजार सह्या. वरून आदेश आलाय."

वच्छलाने गठ्ठा हातात घेऊन पाने उलटली. "एवढ्यातलं कोनी कधी आलं होतं का, आमच्या टोलीत?"

देवपुजारींनी घड्याळ पाहिले. गड्यांनी डोंग्याला दोर बांधले.

त्या गठ्ठ्यात तिसऱ्या पानावर तुमचेही नाव आहे. पुढे तुम्ही लिहिले आहे : 'हा अनमोल ठेवा नदीत सडू देऊ नका. आपण तो जपलाच पाहिजे.' अगदी मनापासून लिहिले आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.