सुनेचा अभ्यास

आमच्या कामतघरच्या इमारतीत दार उघडल्यावर 'या, बसा' न म्हणता 'बाहेर ढग कुठले आहेत?' असं विचारणारी एकच बाई आहे. कुमुदकाकू. उत्तर चुकलं तरी चहा मिळतो, पण उशिरा.

काकूंनी जन्मभर शाळेत मराठी व्याकरण शिकवलं. मुलगा जहाजावर नोकरीला. सून पल्लवी लांब होस्टेलवर राहून विमान चालवायला शिकते, त्यामुळे घरी काकू एकट्याच. पहिल्यांदा एकटीने उडायच्या आधी हवाई नियम, हवामान, इंजिन अशा विषयांची परीक्षा द्यावी लागते. पल्लवी हवामानात नापास झाली आणि बॅग भरून घरी आली.

"आई, मला नाही जमणार."

काकूंनी बॅगेतून तिचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. "तू झोप. मी बघते काय म्हणतंय हे." चार दिवसांनी सून परत गेली आणि पुस्तकाची झेरॉक्स इथे राहिली. काकू डिक्शनरी घेऊन बसल्या.

मग रोज संध्याकाळी फोनवर तोंडी परीक्षा. आवाज जिन्यापर्यंत यायचा. "विमानाचं नाक वर उचललंस, वेग कमी झाला. काय होईल? अं हं, पूर्ण वाक्यात सांग!"

एकदा काकू आणि मी रिक्षाने जात होतो, तेव्हा कशेळीला आमच्यासमोर कंटेनर घुसला. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इधर जिसकी गाडी बडी, वो पहले."

"हवा में उलटा है, भैया," काकू खुशीत म्हणाल्या. "जिसके पास इंजिन नहीं, उसको पहले रास्ता. और सबसे पहले वो आदमी लेके उडनेवाला फुगा!"

"फुगा?" तो आरशातून बघतच राहिला. मला हसू आलं, पण साठीनंतर असं शिकणं मला तरी जमलं नसतं.

दुसऱ्या खेपेला पल्लवी पास झाली. एकटीने उडायचा दिवस ठरला. त्या सकाळी काकू आमच्याकडे आल्या आणि त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला.

"तिचा आला तर तू घे. ऐनवेळी माझा आवाज डोक्यात नको तिच्या."

मग बायकोपुढची मेथी ओढून निवडायला बसल्या. पानं टाकत होत्या आणि काड्या ठेवत होत्या. बायकोने टाकलेली पानं हळूच गोळा केली.

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"आई, उतरले! नीट उतरले! सर शेजारी नव्हते ना, विमान केवढं पटकन वर गेलं!"

"जाणारच. एका माणसाचं वजन कमी," काकू म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "हा वजनाचा प्रश्न तिला कधी विचारला नाहीत?"

"वाचलं होतं मी. पण शेजारची रिकामी सीट आधीपासून कशाला दाखवायची पोरीला?"

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. "आता संध्याकाळी कशाला फोन करेल ती," हसून म्हणाल्या.

"काकू, जेवूनच जा," बायको म्हणाली.

एरवी 'माझं झालंय' म्हणून निघणाऱ्या काकू मुकाट्याने परत फिरल्या.

"वाढ," त्या म्हणाल्या. "मी जरा सावकाश जेवते हं. चालेल ना?"