हार घातलेले कल्याणराव

अप्पांचं चित्र आपणच काढायचं, आणि असं काढायचं की अख्ख्या सेलू गावानं चपला काढून नमस्कार केला पाहिजे! गौराबाईनं हे ठरवलं खरं, पण लग्नानंतर तिनं पेन्सिल अशी धरलीच नव्हती. शाळेत तिनं काढलेल्या फुलदाणीला गुरुजींनी 'बादली छान' असा शेरा दिला होता. ते आता कुणाला आठवतंय!

दुसरा इलाजही नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी तिच्या वडिलांची, लिंगराजअप्पांची, पक्की समजूत. ऐंशी वर्षं जगले, पण मागं एक फोटो नाही. वर्षाचं पुण्यस्मरण तोंडावर आलं, आणि भिंतीवर नुसता खिळा!

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं सुरुवात केली आणि हात असा उधळला, जसं दावं तुटलेलं वासरू! इकडं दूध उतू गेलं, वरण करपलं.

"आज बी वरण न्हाई?" नवरा माणिकराव ताटावरून म्हणाला.

"अप्पाचं नाक चालू हाय. उद्या मिशा. वरणाचं परवा बघू."

वर्षभरात ती पहिल्यांदाच गुणगुणत होती. माणिकरावानं निमूट लोणच्याशी भाकर खाल्ली.

स्मरणाच्या सकाळी चित्र खिळ्यावर चढलं. त्याला विभूती लावून, झेंडूचा हार घालून गौराबाई नळावर गेली, आणि शेजारच्या कस्तुराबाईनं खिडकीतून आत डोकावलं.

"अगं माय! हे तर कल्याणराव!"

समोरच्या घरातले कल्याणराव म्हणजे अप्पांचे पत्त्यांच्या डावातले जोडीदार. ते चांगले ठणठणीत, भाचीच्या सोयरिकीसाठी जिंतूरला गेलेले. कस्तुराबाई धावत त्यांच्या बायकोकडं गेली.

"नीलम्मा, गौराकडं तार आली वाटतं! तुला सांगायची हिंमत झाली न्हाई, बिचारीनं हारच घालून टाकला!"

नीलम्मानं टाहो फोडला. गल्ली गोळा झाली. गौराबाई घागर घेऊन आली, कल्याणकाका गेले असं ऐकलं, आणि घागर तिथंच टाकून नीलम्माच्या गळ्यात पडली! वर्षभराचं राहिलेलं रडणं तिनं तिथंच उरकलं. तिला रडताना बघून तर गल्लीची खात्रीच पटली.

तेवढ्यात जिंतूरच्या बसनं कल्याणराव आले, हातात पेरूची पिशवी. दारातल्या गर्दीमागं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"कल्याणराव," समोरचा मान न वळवता म्हणाला.

"आरारा! लय भला माणूस..." आणि पेरू गल्लीभर घरंगळले!

मग सगळी वरात चित्रापुढं. कल्याणराव हाराखालच्या स्वतःकडं बघत राहिले.

"गौरा, ह्याच्यात अप्पा कुटं हायत गं?"

गौराबाईनं मान खाली घातली. जन्मभर ओट्यावर दोघांना शेजारीशेजारी पाहिलेलं. मनानं पत्ते पिसावे तसे चेहरे पिसले होते.

"बसा काका समोर. तुमचं नीट बघून काढते. कुठं चुकलं ते तरी कळंल."

कल्याणराव बसले. गौराबाई एकेक रेघ त्यांच्याकडं बघून ओढत होती. नीलम्मा मागून वाकली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

"का गं? जमलो का मी?"

"तुमी कुटले? अप्पा आलेत!"

हुबेहूब अप्पा! डावीकडं झुकलेली मिशी, पत्ता लपवतानाचं ते लबाड हसू. गौराबाईनं हार नव्या चित्राला घातला. जुनं कल्याणरावांनी गुंडाळून काखोटीला मारलं. "ऱ्हाऊ दे. म्होरं लागंलच."

त्या दिवसापासून गौराबाईच्या हातची पेन्सिल काही सुटली नाही. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन समोर येऊन बसली. गौराबाईनं जीव ओतला.

पदर अगदी हुबेहूब आला. पदराखाली अप्पा, मिशांसकट!