चहाला न थांबलेली मोटारसायकल

जिवलीने फक्त एवढंच ठरवलं होतं, की वाटेत कुणाच्या दारात चहाला थांबायचं नाही. पुढे जे झालं ते सगळं लोकांनी केलं. (असं ती सांगते. तिचा नवरा वेगळं सांगतो, पण त्याला विचारतंय कोण?)

सुरुवात योगिनीपासून झाली. योगिनी म्हणजे पुतण्या पंकजची बायको. लग्नाला वर्ष झालं नाही, पण दर रविवारी दोघं गाडीवरून कुठल्या तरी घाटात. ही बया काळा चष्मा लावून दरीकडे बोट दाखवते, आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर पडतो. जिवली भाकऱ्या थापता थापता बघते. तिचा नवरा भगीरथ त्याला अंगठा दाबतो. तो काय, सगळ्यालाच अंगठा दाबतो. वाचत नाही, बघत नाही, अंगठा.

जिवलीच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. भगीरथच्या मोटारसायकलवर मागे बसून ती गेली कुठे? लग्नाला, बारशाला, दवाखान्यात आणि मयतीला. माहेर टोकावड्याच्या आत, माळशेज घाटाच्या पायथ्याशी. तरी घाटाकडे जाणाऱ्या एस्टीचा मागचा धूर तेवढा तिने बघितलेला. घाट नाही.

"भाताची आवणी उरकली. बुधवारी शाळेत सुट्टी सांगा," ती म्हणाली. भगीरथ किन्हवलीच्या आश्रमशाळेत शिपाई.

"कुनाचं लगीन हाय?"

"कुनाचं नाय."

"मंग कोन गेला?"

"कुनी गेला नाय! फिरायला जायाचंय."

"फिरायला म्हंजे कुनाकडं?"

आता ह्या माणसाला काय सांगावं! पण त्याचंही चुकलं नाही. किन्हवलीपासून माळशेजपर्यंत एक फाटा असा नाही, जिथे त्यांचं नातं नाही. थांबलं की चहा, चहा झाला की "आता जेवूनच जा", आणि जेवल्यावर लगेच उठायला तोंड नसतं. मागे एकदा असेच घाट बघायला निघाले, आणि मामाच्या खळ्यावर भात झोडून परत आले.

म्हणून नियम. कुठेही चहा नाही. फोन दोघांचे बंद.

"आनि तुझ्या बाबांकडं?" भगीरथने हळूच विचारलं.

"तिथं बी नाय. आत शिरलं की संपलं. पयला घाट."

बुधवारी सकाळी निघाले. चिखल उडणार म्हणून जिवलीने जुनं, विटलेलं लुगडं नेसलं. (योगिनी फिरायला जाताना नवे कपडे घालते. धुवायला सासू आहे ना!) नाकातोंडावर फडकं बांधलं. तिच्या हेल्मेटची काच कधीच फुटलेली, त्यामुळे सरळगावला पोचेपर्यंत वाऱ्याने डोळे लाल झाले आणि पाण्याची धार लागली.

सरळगावला भगीरथने करकचून ब्रेक मारला. "टॉवेल राहिला गो. धबधब्याखाली आंघोल कराची तर अंग कशाने पुसू?"

दुकान म्हणजे काही कुणाचं दार नव्हे. त्याने एक कोरा पांढरा पंचा घेतला. बाजूला नारळ दिसला, तोही घेतला, घाटाच्या तोंडाशी गाडीसाठी फोडायला. दोन्ही वस्तू पुढे टाकीवर दोरीने बांधल्या.

आणि समोरच रस्त्याच्या कडेला काकड्या विकत बसली होती बुधी, जिवलीची सख्खी धाकटी बहीण.

"बाय गो! अशी रस्त्यात काय उभी? घरात ये, चाय ठेवते."

जिवलीने गाडीवरून उतरायचंही नाव काढलं नाही. "नको गो. आज चाय नको."

"घोटभर."

"नको म्हनलं ना. पोचाचंय." आणि पदराने डोळे पुसले.

बुधीचा आवाज खाली आला. "घरी समदं बरं ना?"

घाटाचं नाव काढलं तर ही काकड्यांची पाटी घेऊन मागे बसेल, हे जिवली ओळखून होती. "मागून सांगते," ती म्हणाली. मोटारसायकल टोकावड्याच्या दिशेने गेली.

आता बुधीला बोल लावू नका. आमच्याकडे मयतीला निघालेलं माणूस वाटेत कुणाचा चहा घेत नाही. त्याला कोण गेलं म्हणून विचारायचंही नसतं, त्यानेच सांगायचं. विटकं लुगडं, लाल डोळे, कोरा पांढरा पंचा, नारळ, आणि बहिणीच्या हातचा चहा नाकारला! टोकावड्याकडे त्यांचं म्हातारं माणूस एकच. त्र्याऐंशी वर्षांचा बाप, देवजीबाबा.

बुधीने काकड्यांवरच बसकण मारली.

तिने बहिणीला फोन लावला, बंद. मेव्हण्याला लावला, बंद. बाबांच्या पाड्यावर रेंज कधी नसतेच. मग तिने बाकीच्यांना लावले, ते मात्र सगळे लागले.

इकडे बाबांचा फाटा आला तेव्हा जिवलीने मान मुद्दाम दुसरीकडे केली. आत जेमतेम अर्ध्या तासाची वाट. काहीतरी टोचलं, पण तिने भगीरथच्या पाठीत बोट खुपसलं. "चला, चला."

घाट आला. म्हणजे आला असणार, दिसत काही नव्हतं. वर ढग, खाली ढग, समोर ढग.

"ह्योच का?" जिवलीने विचारलं.

"ह्योच," भगीरथ म्हणाला, जसा काही त्यानेच केला होता.

बारीक भुरभुर होती म्हणून तिने कोरा पंचा डोक्यावरून घेतला. "फोटू काढा. योगिनीला दिसू दे." त्यासाठी फोन चालू करावा लागला. जिवली ताठ उभी राहिली, तोंड मिटून, डोळे रोखून, फोटोत उभं राहतात तशी. भगीरथने बटण दाबलं.

तेवढ्यात ढग बाजूला झाला. अख्खी दरी उघडली. हिरवीगार खाचरं, ओहोळ, आणि पार खाली चार-पाच घरांचा ठिपका.

"अवो, ती आमच्या बाबांची चिंच तर नाय?" जिवली हरखून म्हणाली. सत्तावीस वर्षांत ती नवऱ्याशी अशा आवाजात बोलली नसेल.

आणि फोन वाजला. पलीकडे बुधी हंबरडा फोडत होती. "बाय गो! आमी जीप केलीय, पोचतोच! बाबांना ठेवा गो, उचलू नका!" आणि रेंज गेली.

जिवलीने खाली चिंचेकडे बघितलं. "फाट्यावरून गेले मी. बाप आत पडला व्हता, आनि मी मान फिरवली." ती एवढंच बोलत राहिली. भगीरथने तिच्या डोक्यावर पंच्यासकट हेल्मेट बसवलं आणि गाडी अशी खाली काढली की पंकजने बघितलं असतं तर त्याला काका म्हणायची लाज वाटली नसती.

पाड्यावर जीप आधीच लागलेली. जिवलीचा भाऊ-भावजय शेतावर, दाराला कडी, म्हणजे बाबांना उचललं असंच समजून बावीस माणसं दाराकडे तोंड करून अंगणातच रडत बसलेली. जिवली ओरडत अंगणात शिरली आणि थबकली. अगदी मागच्या रांगेत, खेकड्यांची टोपली मांडीशी घेऊन, डोळे पुसत बसला होता तिचा बाप.

"बाबा! तुमी कशाला रडताय?"

"आपल्या अंगनात एवढी मानसं रडतात," देवजीबाबा हुंदका आवरत म्हणाला, "मी शेतावरून आलो तं बसलो. कोन गेला ते विचारता येतंय का?"

"तुमी!" जिवली किंचाळली. "तुमी गेलात!"

म्हाताऱ्याने स्वतःच्या अंगाकडे बघितलं. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"बुधी बोलली!"

"मला बायनं सांगितलं!"

"मी? कधी सांगितलं गो मी?"

"चाय घेतली नाय तू!" बुधी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सख्ख्या बहिनीची चाय घेतली नाय, मंग दुसरं काय समजायचं मानसानं?"

बावीसच्या बावीस मुंड्या हलल्या. चूक जिवलीचीच ठरली. देवजीबाबाने तिच्या डोक्यावरचा पंचा काढून घेतला, बोटांनी चाचपला. "कापड बरं हाय. माझ्यासाठीच आनलायस तं दे." आणि कमरेला गुंडाळून मोकळा झाला.

आल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं? जिवलीने घाटात फोडायचा राहिलेला नारळ वाटून खेकड्यांचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या, आणि त्याआधी, होय, चूल पेटवून बावीस जणांचा चहा केला. बुधीने दोनदा घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने भगीरथला बजावलं, "काय बी होवो, घाट मी बघितला. फोटू टाका ग्रुपवर."

भगीरथने टाकला. फोटोत घाट नव्हता. मागे सगळं पांढरं, डोक्यावर पांढरं, आणि मधोमध जिवलीचा गंभीर चेहरा.

पहिलं उत्तर योगिनीचं आलं. "भावपूर्ण श्रद्धांजली. काकी कधी गेल्या?"

त्याला लगेच एक अंगठा पडला. जिवलीने नाव वाचलं. भगीरथ.