यंदा आमच्याकडे कढई चढणार नाही

राजेहो, मी एकदा ठरवलं की ठरवलं! यंदाच्या दिवाळीत आपल्या घरी कोणाच्याही मनावर ताण येऊ द्यायचा नाही, हे मी कोजागरीलाच जाहीर करून टाकलं होतं. आमच्या कार्यालयात सणासुदीतल्या मानसिक आरोग्यावर दोन तासांचं व्याख्यान झालं, आणि ते जागेपणी ऐकणारा मी एकटाच होतो.

कारणही तसंच होतं. मागच्या दिवाळीत माझी बायको वर्षाली चकल्या तळता तळता कढईपुढे बसून रडायला लागली. मी घाबरून विचारलं, "काऊन रडून राह्यली?" तर म्हणाली, "मलेच माहीत नाई." नंतर वर्षभर सगळी कामं ती करायची, पण तिचं हसणं गेलं ते गेलंच. पूर्वी ती हसली की शेजारचं कुत्रं भुंकायचं, एवढं खणखणीत हसणं. खरं सांगतो, ते कुत्रं वर्षभर गप्प बसलेलं मला बघवत नव्हतं.

म्हणून बेत पक्का केला. फराळ नाही, साफसफाई नाही, लाइटिंग नाही, आणि दरवर्षीसारखं अल्लीपूरला बाबांकडे जाऊन वीस माणसांचा स्वयंपाक नाही. चार दिवस तिनं फक्त झोपायचं. बाबांना फोन करून सांगितलं की यंदा येत नाही. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

व्याख्यानातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, स्वतःच्या मनावरचंही एखादं ओझं उतरवा. माझं ओझं डोक्यावर होतं. सहा वर्षं मी डाव्या कानावरचे चार केस रोज सकाळी उजव्या कानापर्यंत नेऊन पोचवत होतो. धनत्रयोदशीला सकाळीच लहानूच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, सगळं काढ, मिशीसकट. लहानू म्हणजे वस्तरा थांबला तरी तोंड न थांबणारा न्हावी, पण तो एकदम गप्प झाला. शेवटी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सहा वर्षांची ओळख होती, केसांचं वाईट वाटलं असेल.

आता तुम्हीच बघा. दारात रांगोळी नाही, घरातून तळणाचा वास नाही, आणि घरधन्याचं डोकं तुळतुळीत! आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी त्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळ आणून देतात, आणि सणाच्या दिवशी तोंडानं काही विचारत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण स्वतःचं डोकं माणसाला आरशाशिवाय दिसत नाही ना!

दुपारी समोरच्या शोभाबाई चिवड्याचा डबा घेऊन आल्या, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेल्या. मग दुसरी बाई शेव घेऊन आली. संध्याकाळपर्यंत ओटा डब्यांनी भरला. मला मोठं नवल वाटलं. म्हटलं, एका व्याख्यानाचा परिणाम सगळ्या ले-आउटवर, म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीवर झाला की काय? माणसं किती समजूतदार झाली!

मग मधुकरराव आले. आमच्यापासून तिसरं घर, निवृत्त मास्तर. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून एकटेच असतात. खुर्चीत बसून बराच वेळ त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि न राहवून हळूच विचारलं, "कसं झालं, गोपाल?"

मी म्हटलं, चला, कोणीतरी बेताबद्दल विचारलं! "मागच्या दिवाळीपासूनच मनात होतं, काका. यंदा उरकून टाकलं. आता बघा, घर कसं शांत आहे."

मधुकररावांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. पण गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, दुपारी आले, आणि दर वेळी आमच्या अंगणात बसून डोळे पुसत राहिले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तर बायका आल्या आणि अंगणात सतरंजी टाकून बसल्या. वर्षाली झोपेतून उठून बाहेर आली, तर दोघींनी तिला मिठी मारून हुंदके दिले. तिला काही कळेना. आले-गेले म्हणून तिनं चहा टाकला. अर्ध्या तासानं परत टाकला. तिसऱ्यांदा आधण ठेवताना तिची नजर ओट्यावरच्या डब्यांवर गेली. आमच्या घरातून कोणाचा डबा रिकामा परत गेलेला नाही.

"म्हणजे एवढ्या सगळ्यांचा फराळ आता मले करा लागन," ती म्हणाली, आणि मागच्या वर्षी बसली होती तिथंच मटकन बसली. एवढा बेत केला आणि बाईला परत त्याच कढईपुढे आणून बसवलं!

तेवढ्यात फाटक वाजलं. सीताफळांची पिशवी घेऊन बाबा, म्हणजे आमचे अण्णाजी. पोरगं दिवाळीला येत नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवते, असं म्हणून ते अल्लीपूरहून पहिल्या बसनं निघाले होते. आमच्याकडे ते कधी येत नाहीत, त्यामुळे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांनी माझं डोकं पाहिलं, रडणाऱ्या बायका पाहिल्या. मधुकररावांच्या शेजारी बसून तेही रडायला लागले. चांगलं रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गेलं कोण?"

मधुकररावांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. "गोपालचे वडील."

बाबांचा डोळे पुसणारा हात थांबला.

"मी कधी गेलतो?" ते म्हणाले. "आत्ता तर बसनं आलो."

अंगणातल्या बायकांनी डोळ्यांवरचे पदर खाली घेतले. आणि मग आतून हसणं आलं. वर्षाली दाराची चौकट धरून हसत होती, पोट धरून हसत होती, आणि शेजारचं कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकत होतं. राजेहो, माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लाजायचं काय त्यात!

मग मला ज्या शिव्या बसल्या, त्या इथं लिहीत नाही. शोभाबाईंच्या तर फारच. मधुकरराव तेवढे ओशाळून उठले. "माफ करजा. बायको गेल्यापासून दिवाळीत मले रडू येते. सणाच्या दिवशी रडलं की लोक काऊन म्हणून विचारतात. इथं कोणी विचारलं नाई, म्हणून बसून राह्यलो."

वर्षाली हसायची थांबली. "मले समजते, काका," ती म्हणाली. "तुम्ही रोज या. मीही बसन तुमच्यासंग."

डबे काही रिकामे जाणार नव्हते. म्हणून संध्याकाळी आमच्याकडे कढई चढलीच. बाबा पीठ मळत होते, मधुकरराव सोऱ्या फिरवत होते आणि मी चटके खात चकल्या तळत होतो. वर्षाली खुर्चीत पाय वर घेऊन सीताफळ खात होती.

"यंदा मामाजी झाले," बी थुंकून, सासऱ्यांकडे बघत ती सहज म्हणाली. "पुढच्या दिवाळीले कोण?"

बाबांनी पिठातून मान वर काढली आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"गोपालच राहू दे. त्याची तयारी झाली आहे."