रंग खाणारा उंदीर

“फुस्स! गेली. परत फुस्स! आणखी गेली. बाहेर काय हवेचा तुटवडा पडलाय, म्हणून हे धूड आधी हवा भरून घेतं आणि मग सोडून देतं?”

ही कुरकुर सूनबाईच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर चालली होती. सूनबाई कॉम्प्रेसरशेजारी उकिडवी बसून त्याचं तेल बघत होती. तिचे सासरे, म्हणजे बाबा, तिच्या खांद्यावरून वाकून कॉम्प्रेसरच्या बुडाशी असलेल्या छोट्याशा कॉककडे रोखून बघत होते. शिस्तीचा मास्तर मागच्या बाकावरच्या कार्ट्याकडे बघतो ना, तसे!

“बाबा, हवेतलं पाणी बाहेर टाकतो तो. टाकलंच पाहिजे.”

“हवेत पाणी! उद्या म्हणशील पाण्यात लोखंड.”

सूनबाईने वाद घातला नाही. ती भलतीच खुशीत होती. हात पुसत उठली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शुक्रवारी चार वाजता येऊ दे त्या मशीनवाल्याला! बारा चकत्या कापून दाखवते. अशा गोल, की चंद्राने येऊन माप घ्यावं!”

तो सोमवार होता. गुरुवारपर्यंत चंद्राचं सोडा, बटाट्याने माप घ्यावं अशीही चकती निघाली नाही.

तर ही शेड म्हणजे घरचाच कारखाना. फाटकं, जाळ्या, जिने, ब्रॅकेट, जे लोखंडात मागाल ते. माणसं चारच. बाबा, त्यांचा मुलगा म्हणजे सूनबाईचा नवरा, सूनबाई आणि ठिणगी. ठिणगी हा वेल्डर. वीस वर्षं जुना, आणि स्वभावाने इतका भित्रा की स्वतःच्याच ठिणग्यांना दचकायचा, म्हणून ते नाव. शेडच्या मधोमध उभं होतं ते नवं प्लाझ्मा कटिंगचं मशीन. संगणकावर आकार काढायचा, बटण दाबायचं, की वीज आणि हवा मिळून एक निळी जीभ निघते आणि जाड प्लेट साबणाच्या वडीसारखी कापत जाते. पंधरा दिवसांच्या बोलीवर आलं होतं. शुक्रवारी बारा चकत्या नीट निघाल्या तर सही करायची आणि मशीन राहील. नाही निघाल्या, तर मशीनवाला टेम्पो घेऊनच येणार होता.

बाकीच्यांना ते मशीन गेलं असतं तरी फार तर हळहळ वाटली असती. सूनबाईचं तसं नव्हतं. अकरा वर्षं ती ऑफिस नावाच्या काचेच्या खोक्यात बसून फोन घेत होती. “साहेब बाहेर गेलेत, निरोप देते.” त्या अकरा वर्षांत शेडमधल्या एकाही वस्तूला तिचा हात लागला नाही म्हणून काम अडलं, असं कधी झालं नव्हतं. मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा त्याचं जाडजूड पुस्तक पुरुषांनी उघडलं, जांभई दिली आणि मिटलं. सूनबाईने ते सहा महिने वाचलं. वाचता वाचता तिचं दूध एकवीस वेळा उतू गेलं. पण आज ते मशीन फक्त ती चालवू शकत होती. ते गेलं, तर परत काचेचं खोकं!

आणि बाबा? बाबांनी अडतीस वर्षं गॅसकटर हातात धरून लोखंड कापलं होतं. खडूची रेघसुद्धा न आखता. मशीन आलं त्या दिवशी गॅसकटर खिळ्याला टांगला गेला. त्यावर कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, पण बोलायचं कुणी आणि काय? शेवटी नवरा घसा खाकरून म्हणाला, “बाबा, आता तुम्ही नुसती देखरेख करा.”

बाबांनी ते मनावर घेतलं.

मंगळवारी सकाळी सूनबाईने बटण दाबलं. टॉर्चच्या, म्हणजे कापणाऱ्या नळीच्या, टोकाला निळी ठिणगी आली, ‘फट्’ म्हणाली आणि विझली. परत दाबलं. फट्! दहा वेळा दाबलं, दहा वेळा फट्. दारापर्यंत येऊन बेल न वाजवताच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी ती आत काही येईना!

सूनबाईने पुस्तकातलं पान आठवलं. ज्वाला प्लेटमध्ये उतरत नसेल तर आधी अर्थिंग बघा. प्लेट, टेबल आणि अर्थिंगचा चिमटा, लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. ती वाकली. चिमट्यावर नखाने खरवडलं. नखात हिरवा रंग आला.

अख्खं टेबल हिरवंगार होतं! पट्ट्या, पाय, कडा, सगळं. दोन हात ऑइलपेंट. चिमट्याचे दात आतल्या बाजूने सुद्धा इतक्या निगुतीने रंगवलेले की दातांच्या डॉक्टरने शिकून घ्यावं.

“गंज चढत होता,” मागून बाबांचा आवाज आला. हातात ब्रश, नाकाच्या शेंड्यावर हिरवा ठिपका. “काल तुम्ही सगळे गेल्यावर थांबून रंग दिला. कसा दिसतोय?”

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ठिणगीकडे. ठिणगीने छपराकडे.

इथे एक सांगायला हवं. बाबांना चूक दाखवायची सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी नवऱ्याने एकदाच धीर करून म्हटलं होतं, “बाबा, बिजागरी उलटी बसलीय.” बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पुढचे अकरा दिवस बोलले नाहीत! जे हवं ते खडूने पत्र्यावर लिहायचे. ‘चहा.’ ‘पंखा बंद.’ एका गिऱ्हाइकाच्या फाटकावर ‘माझा चष्मा’ असं राहून गेलं आणि ते तसंच बसवलं गेलं.

“छान दिसतोय, बाबा,” सूनबाई म्हणाली.

“मग चालत का नाहीये?”

“उंदीर!” नवरा म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून का आला ते त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. “उंदराने वायर कुरतडली असेल.”

“उंदीर? माझ्या शेडमध्ये?” बाबांच्या मिशा उभ्या राहिल्या.

बाबा चहाला गेले तसे तिघं पट्ट्यांवर तुटून पडले. पॉलिशपेपर, ब्रश, ठिणगीचा ग्राइंडर! पंधरा मिनिटांत चिमटा आणि निम्मं टेबल लख्ख. बटण दाबलं आणि ज्वाला प्लेटमध्ये अशी शिरली, की सूनबाईला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात बाबा परत आले.

“रंग कुणी खरवडला?”

तिघांनी हातातलं पाठीमागे लपवलं.

“त्यानेच,” ठिणगी पुटपुटला. “उंदराने.”

“उंदीर रंग खातो?”

“हिरवा खातो, मालक. पालेभाजी वाटते त्याला.”

बाबांनी क्षणभर ठिणगीकडे बघितलं. मग मान हलवली. “बरं.” आणि बुधवारी सकाळी सूनबाई येऊन बघते तर टेबल लालभडक! उंदराला लाल आवडत नसावा, असा बाबांचा अंदाज होता.

लाल खरवडून होईतो दुपार झाली. मग ज्वाला लागली खरी, पण थुंकायला लागली! थड थड, चर्र, थड थड. कढईत ओलं काही पडावं तशी. दोन चकत्यांत टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडच्या टोकाला खड्डा पडला आणि तो ठार झाला. नवा घातला, तोही ठार. सूनबाईने हवेचा पाइप सोडून तळहातावर धरला. तळहातावर चक्क पाणी. ती कॉम्प्रेसरकडे धावली. बुडाचा कॉक घट्ट बंद, त्यावर तारेचे सात वेढे, आणि वेढ्यांच्या शेवटी सुबक गाठ. अडतीस वर्षं हातात कसब असलेल्या माणसाचीच असते तशी गाठ.

“काय गं? परत तोच?” बाबांनी लांबून विचारलं.

सूनबाईने ओला हात पुसला. “हो बाबा. कॉक बंद केलाय... त्याने.”

“उंदराने कॉक फिरवला?”

“मोठा असावा,” नवरा म्हणाला.

“तार बांधली?”

“फारच मोठा असावा,” ठिणगी म्हणाला आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. घाबरल्यामुळे हात जरा जास्तच लांब गेले. ते माप मध्यम आकाराच्या बोकडाचं होतं.

बाबा तडक भिंतीपाशी गेले. खिळ्यावरचा गॅसकटर त्यांनी उतरवला, जुन्या प्लेटा ओढल्या आणि पिंजरा करायला बसले. दुपारभर त्यांच्या कोपऱ्यातून ठिणग्या उडत होत्या आणि एक गाणंही ऐकू येत होतं. बाबा गातात हे सूनबाईला लग्नाला चौदा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. संध्याकाळी पिंजरा तयार झाला. कपाटाएवढा! आत पाय पडला की वरून दार पडणार, आणि पडलं की बाहेरून किल्ली लावल्याशिवाय उघडणार नाही. कडा अशा सरळ, की सूनबाईने गुपचूप पट्टी लावून बघितली. केसाचाही फरक नव्हता. तिच्या मशीनच्या चकत्यांना मात्र तिरपी कड येत होती आणि खालून वितळलेल्या लोखंडाची झालर लोंबत होती. एकेक चकती परकराच्या घेरासारखी!

गुरुवारी त्या तिरपेपणाचाही शोध लागला. ज्वाला ज्यातून निघते त्या नवीन नोझलचा डबा सूनबाईने उजेडात धरला. सगळी नोझलं चकाचक, पण प्रत्येकाचं भोक लांबोळकं. वापरून फेकलेली नोझलं! कुणीतरी ती कचऱ्यातून वेचून, चिंच लावून, घासून, पुसून परत डब्यात ओळीने मांडली होती. नवी कुठे होती? जपून वापरावीत म्हणून वरच्या फळीवर, कापडाच्या पुरचुंडीत.

“चकाकणाऱ्या वस्तू नेतो वाटतं तो,” बाबाच म्हणाले आता. आवाज अगदी गंभीर. “आणि घासून परत आणून ठेवतो. स्वच्छ आहे जनावर.”

सूनबाईने चमकून बघितलं. पण बाबा पिंजऱ्याच्या बिजागरीला तेल देत होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं जुळलं. चिमटा लख्ख, हवा कोरडी, नोझल कोरं. सूनबाईने दोन चकत्या कापल्या. कड काटकोनात, खाली झालर नाही, आरसा! ती इतकी निर्धास्त झाली की जेवायला घरी गेली. तिथेच चुकलं.

चार वाजता मशीनवाला आला. टाय, फायली, आणि बाहेर टेम्पोचं इंजिन चालूच. “कुठंय मशीन?” असं म्हणत तो आत शिरला, डावीकडे वळला आणि ‘धाड्’! दार वरून पडलं. मशीनवाला पिंजऱ्यात!

“हे काय आहे?” तो आतून ओरडला.

“उंदरासाठी,” ठिणगी म्हणाला.

मशीनवाल्याने पिंजऱ्याची उंची बघितली. मग स्वतःची बघितली. “केवढा उंदीर आहे तुमच्याकडे?”

“घाबरू नका साहेब, काढतो! किल्ली कुठंय?” नवरा धावाधाव करू लागला. किल्ली मिळेना. मशीनवाला घड्याळ बघून म्हणाला, “मला पाचला दुसरीकडे पोचायचंय. राहू द्या. इथून दिसतंय. चालवा तुम्ही!”

सूनबाईने बटण दाबलं.

फट्.

तिने खाली बघितलं. टेबल पिवळंधमक होतं. रंग अजून ओला होता.

“कशामुळे होतंय हे?” मशीनवाल्याने गजांमधून फाइल बाहेर काढून तिच्यावर पेन टेकवलं. “कारण लिहावं लागतं.”

“उंदीर,” नवरा म्हणाला.

“उंदीर,” ठिणगी म्हणाला.

“मग मशीन परत न्यावं लागेल. जिथे उंदीर आहे तिथे आम्ही ठेवत नाही, वायरी जातात. नियमच आहे तसा. माणसाची चूक असती तर गोष्ट वेगळी. माणसाला शिकवता येतं, सही घेऊन जातो आम्ही. उंदराला काय शिकवणार?” तो गजांना चेहरा लावून ओरडला, “टेम्पो मागे घे रे!”

टेम्पो मागे यायला लागला. टीं, टीं, टीं. सूनबाईच्या डोळ्यांपुढे काचेचं खोकं आलं, फोन आला, ‘निरोप देते’ आलं. मग तिने बाबांकडे बघितलं. ते ब्रश हातात धरून उभे होते आणि ब्रशवरून पिवळा रंग त्यांच्या चपलेवर ठिबकत होता. अकरा दिवस खडूने ‘चहा’ लिहिणारा माणूस. या वेळी अकरा महिने लिहील!

“साहेब,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “उंदीर खोडा. इथे उंदीर नाहीये. नव्हताच कधी.”

नवऱ्याने डोळे मिटले. ठिणगी खांबामागे गेला.

“मग कोण आहे?” मशीनवाल्याने विचारलं.

सूनबाईला पुढचं बोलवेना. टीं, टीं, टीं, टेम्पो दाराशी आला.

“अगं बोल की!” बाबा एकदम गरजले. “चार दिवस वाट बघतोय, कुणी बोलतंय का! पिंजरा करून बसलो तरी कुणी तोंड उघडेना. मला काय कळत नाही, उंदीर गाठ मारत नाही म्हणून?” त्यांनी ब्रश डब्यात आपटला, खिशातून किल्ली काढली आणि पिंजऱ्यापाशी जाऊन कुलपात घातली. पण फिरवली नाही. फायलीकडे बोट दाखवलं. “लिही बाळा. अडतीस वर्षं कापायचं काम केलं, आता या पोरीचं मशीन माझ्याहून सरळ कापतं, आणि मला करायला काही उरलेलं नाही. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कारणापुढे लिही: रिकामा सासरा.”