खोकल्याचं बटण

वेगाबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा. बावीस वर्षं टीव्हीवर मोटारशर्यतींचं समालोचन करतोय मी. कुठल्या वळणावर ब्रेक कधी दाबायचा, हे चालकाच्या आधी मी ओरडून सांगतो. लोकांना वाटतं, हा माणूस ऐन उमेदीत स्वतः शर्यतीत उतरलेला असणार. मी नाही म्हणत नाही. भिवईवरच्या खुणेवरून नुसतं बोट फिरवतो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला गाडी चालवता येत नाही. बायकोच्या स्कूटरवर मागे बसतो तेही डोळे मिटून. आणि ती बिचारी ताशी तीसच्या वर कधी जात नाही.

हे सगळं झाकलेलं राहिलं असतं, पण वाहिनीवर नवे साहेब आले. माझा करार संपत आला होता आणि माझ्या खुर्चीसाठी त्यांनी एक खराखुरा माजी शर्यतपटू हेरून ठेवला होता. मला बोलावून ते फार गोड आवाजात म्हणाले, की रविवारच्या शर्यतीआधी तुम्ही गाडीत बसून एक फेरी मारा आणि आतून थेट समालोचन करा, मग बघू पुढचं.

"एकच फेरी? त्यात काय!" मी म्हणालो. तोंड बोलून गेलं.

चार दिवस घास उतरला नाही. सरळ नाही म्हणून सांगा, असं बायको रोज सांगत होती. पण नाही म्हटलं असतं तर बावीस वर्षांच्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी दुसरा बसला असता. या वयात मला दुसरं येतंय तरी काय? नुसतं ओरडता येतं!

रविवारी मला त्या चिंचोळ्या गाडीत कोंबलं. डोक्यावर हेल्मेट चढवलं, छातीवर पट्टे आवळले. शेजारी चालवायला गेल्या वर्षीची विजेती, माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, लहानपणापासून तुमचा आवाज ऐकत आलेय. आज तुमच्यासाठी जराही हातचं राखणार नाही."

राख गं बाई, थोडं राख, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

तेवढ्यात तंत्रज्ञ माझ्या मांडीशी लोंबणारं एक बटण दाखवून काहीतरी समजावायला लागला. मी त्याला उडवून लावलं. बटण मला शिकवतो! आमच्या समालोचन कक्षात टेबलावर अस्संच बटण असतं. खोकला आला की दाबून धरायचं. दाबलेलं असेपर्यंत आपला आवाज बाहेर जात नाही. बावीस वर्षं ते दाबून मी खोकलोय, शिंकलोय, बिस्किटं खाल्ली आहेत आणि साहेबांना शिव्या घातल्या आहेत.

गाडी सुटली आणि माझा जीव मागेच राहिला. पहिल्याच वळणावर समोरची भिंत अशी अंगावर आली, की मी बटण गच्च दाबलं आणि मोकळेपणाने बोंब ठोकली. "आई गं! मेलो! उतरवा मला!" इंजिनाच्या आवाजात शेजारणीला काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग बटण सोडून, आवाज खर्जात नेऊन मी म्हणालो, "प्रेक्षकहो, काय हा थरार! असा वेग आमच्या रक्तातच असतो." दुसरं वळण आलं. पुन्हा बटण. "देवा, मला साधी गाडीही चालवता येत नाही रे! भिवईवरची खूण स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराची आहे! वाचव, पुन्हा खोटं बोलणार नाही!" मग पुन्हा बटण सोडून भारदस्त समालोचन. अशी चौदा वळणं. शेवटच्या तीन वळणांवर तर मी नुसता रडत होतो.

गाडी थांबली. मान ताठ ठेवून मी उतरलो. बघतो तर सगळे पाठ फिरवून उभे, आणि सगळ्यांचे खांदे हलत होते.

"आवाज कसा आला?" मी तंत्रज्ञाला विचारलं.

"तेच तर सांगत होतो तुम्हाला," तो डोळे पुसत म्हणाला. "कक्षातलं बटण दाबलं की आवाज बंद होतो. गाडीतलं दाबलं की सुरू होतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे माझं ते भारदस्त समालोचन एका माणसानेही ऐकलं नव्हतं. बाकीचं मात्र घरोघर पोचलं होतं, कपाटाच्या दारासकट.

साहेबांनी बोलावलं तेव्हा मी निरोपाचे शब्द जुळवतच आत गेलो. पण ते हसून हसून लाल झाले होते. इतकं खरं समालोचन आजवर कुणी केलं नाही, प्रेक्षकांचे फोन थांबत नाहीत, असं म्हणून त्यांनी तीन वर्षांचा करार पुढे सरकवला. त्यांचं मन बदलायच्या आत मी सही ठोकली.

घरी बायकोने चष्मा लावून करार वाचला. दर शर्यतीआधी गाडीत बसून एक फेरी, असं त्यात होतं. मी म्हणालो, "असू दे. बटण आता मला कळलंय."

तिने पान उलटलं. "इथे लिहिलंय, यापुढे गाडीत बटण नसेल. आवाज कायम सुरू राहील."

तेव्हापासून रोज सकाळी तिच्या स्कूटरवर डोळे उघडे ठेवून बसायचा सराव करतोय. काल कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जमलं. येताना चालत आलो.